शॉकअप आहे ना?

सायकलच्या दुकानात शिरलेला माणूस किंमत नंतर विचारतो, आधी दाबतो. हँडलच्या दोन्ही मुठींवर तळहात ठेवायचे, टाचा किंचित उचलायच्या आणि सगळा भार पुढे टाकून सायकलचं नाक खाली दाबायचं. सायकल खचते, हात सैल सोडला की वर येते. पुन्हा दाबायचं, पुन्हा वर येते. मग मुलाला दाबायला लावायचं, कारण सायकल त्याच्यासाठी आहे. मग बायकोकडे बघून मान डोलवायची आणि दुकानदाराला निकाल सांगायचा, "शॉकअप चांगलाय हो." दुकानदार हे वाक्य रोज ऐकतो आणि रोज नव्याने आनंदित होतो. गिऱ्हाइकाने एकदा दाबलं, की ब्रेक घासतोय का, फ्रेम मुलाच्या उंचीला बसते का, मागचं चाक सरळ फिरतंय का, यातलं काहीही विचारलं जात नाही, हा त्याचा जन्मभराचा अनुभव.

या दाबण्याची गंमत अशी, की त्यातून एकच गोष्ट कळते : आत स्प्रिंग आहे. सायकलच्या पुढच्या शॉकअपमध्ये, म्हणजे सस्पेन्शन फोर्कमध्ये, स्प्रिंग हा सगळ्यात सोपा आणि बहुधा सगळ्यात स्वस्त भाग. बाकीची सगळी अक्कल खर्ची पडलेली असते ती त्या स्प्रिंगला आवरण्यात. दुकानात जे उसळणं बघून आपण खूश होतो, ते होऊ नये म्हणून इंजिनिअर मंडळी पस्तीस वर्षं डोकं खाजवतायत. आणि आपण ते भरपूर होतंय म्हणून वर पैसे देतो.

आधीच्या पिढीला ही पंचाईत नव्हती. त्या काळ्या, उंच सायकलींना पुढे साधा चिमटा असे. वर एक दांडी, खाली दोन पाय, पायांच्या टोकांना चाकाचा आस अडकवायला खाचा, विषय संपला. धक्के खायचं काम सीटखालच्या दोन जाड स्प्रिंगांचं, आणि तिथून निसटलेले धक्के खायचं काम मणक्याचं. दूधवाल्यांना तर चिमट्याने जरासुद्धा लवलेलं चालत नसे. ते आसापासून वर हँडलपर्यंत दोन्ही बाजूंना जादा सळया लावून घेत. म्हणजे आज आपण पैसे मोजून जे मागतो, त्याच्या बरोब्बर उलट गोष्ट ते पैसे मोजून करून घेत होते, आणि दूध वेळेवर येत होतं.

आता नवा फोर्क. याच्याकडे वरून खाली बघत यावं, कारण सगळ्यात वरचा भाग सायकलवर दिसतच नाही. स्टीअरर नावाची नळी फ्रेमच्या तोंडातून आरपार वर जाते आणि हँडलचा स्टेम तिला येऊन आवळतो. वरच्या बाजूला तिचा व्यास २८.६ मिलिमीटर, मिस्त्रीच्या भाषेत एक इंच एक सूत. चांगल्या माउंटन बाइकमध्ये ती खाली येता येता दीड इंचापर्यंत जाड होते. वरच्या टोकावर एक टोपी आणि टोपीच्या मधोमध एक बोल्ट. हँडल जरा हललं की घराघरांतले हौशी कारागीर एलन की घेऊन याच बोल्टवर तुटून पडतात, कारण तो सगळ्यात वर आहे, समोर आहे आणि त्याच्यावर कंपनीचं नाव आहे. वास्तविक हँडल धरून ठेवण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याचं काम एवढंच, की नळीला वर ओढायचं आणि वाटी-छर्ऱ्यांमधली ढिलाई काढायची. तेही स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट आधी सैल केले असतील तरच. नंतर ते दोन बोल्ट आवळले, की पुढची सगळी जबाबदारी त्यांची. टोपीचं पद आता केवळ शोभेचं, त्यामुळे हाताळलं सर्वांत जास्त तिलाच जातं.

वाटी-छर्रे ढिले आहेत की फोर्कच आतून झिजलाय, हे ओळखायची आमच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीची पद्धत बघण्यासारखी आहे. तो पुढचा ब्रेक करकचून दाबतो आणि सायकल जागच्या जागी पुढे-मागे ढकलतो. कुठेतरी 'टक टक' होतं. गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. मिस्त्री डाव्या हाताची दोन बोटं फ्रेम आणि फोर्क जिथे भेटतात त्या फटीवर ठेवतो आणि पुन्हा हलवतो. तिथे बोटांना काही लागलं, तर वाटी-छर्रे. पाना फिरवायचा, काम झालं. नाही लागलं, तर तीच बोटं तो खाली, जिथे चकचकीत नळी जाड नळीत शिरते त्या रबरी कडीवर नेतो. पुन्हा हलवतो. तिथे नळी कडीच्या आत किंचित डुलताना जाणवली, की मिस्त्री बोटं पुसतो आणि म्हणतो, "बुश गेले." हे तो ज्या सुरात म्हणतो, त्यावरून गिऱ्हाईक ओळखतं की आता पान्याने भागायचं नाही.

स्टीअरर खाली ज्या आडव्या तुकड्यात बसते त्याला क्राउन म्हणतात. नाव मुकुट, जागा कमरेची. त्याच्याबद्दल एवढंच सांगता येईल, की चढावर उभं राहून पायडल मारताना जो 'कर्र कर्र' आवाज येतो आणि ज्यासाठी आपण सीट, चेन, पायडल आणि स्वतःचे गुडघे तपासून झालेले असतो, तो पुष्कळदा इथून येतो.

क्राउनच्या दोन बाजूंनी दोन गुळगुळीत नळ्या खाली उतरतात. या स्टँचिअन. खरी वर-खाली होणारी हालचाल यांच्यावर होते. स्वस्त फोर्कमध्ये त्या पोलादाच्या आणि क्रोमचा मुलामा दिलेल्या, महागात अॅल्युमिनियमच्या. फॉक्स कंपनीच्या उंची फोर्कवर तर 'कशिमा' नावाचा जपानी सोनेरी लेप असतो. तो लेप घर्षण कमी करण्यासाठी आहे, पण रविवारी सकाळी खडकवासल्याच्या चहाच्या टपरीवर सायकली ओळीने उभ्या असतात तेव्हा त्या सोन्याकडे कोणी घर्षणाच्या दृष्टीने बघत नाही. त्या नळ्यांची जाडी हाही प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. अट्ठावीस मिलिमीटरवाला तीसवाल्याशी बोलतो, बत्तीसवाला दोघांशी बोलतो, आणि छत्तीसवाला कोणाशीच बोलत नाही. तो डोंगरावर गेलेला असतो, निदान त्याच्या मोबाइलवरचे फोटो तरी तसं म्हणतात.

स्टँचिअन जिथे खालच्या नळीत शिरते तिथे धूळ अडवणारी रबरी कडी, तिच्याखाली तेलात भिजलेली स्पंजची कडी आणि तिच्याही खाली ते बुश, ज्यांच्यावर नळी सरकते. सगळ्या फोर्कचं आयुष्य या बोटभर जागेवर अवलंबून. इथली धूळ कोरड्या फडक्याने पुसून टाकणं एवढंच आपल्याकडून अपेक्षित आहे. पण पुसणं म्हणजे फारच कमी काहीतरी केल्यासारखं वाटतं. म्हणून कोणी खोबरेल तेल लावतं, कोणी शिलाई मशिनचं, कोणी कारच्या दारांना मारायचा फवारा मारतं, आणि आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी तर चांगलं बोटभर ग्रीस थापलं होतं. रस्त्यावरची धूळ या सगळ्याचं मनापासून स्वागत करते. तेलाला चिकटायचं, कडीपाशी थांबायचं आणि नळी आत जाताना तिच्याबरोबर घरात शिरायचं. महिन्याभरात त्या गुळगुळीत नळीवर उभ्या रेघा उमटतात. मग काका म्हणतात, "एवढी काळजी घेऊनसुद्धा!"

खालच्या जाड नळ्यांची जोडी म्हणजे लोअर. दोन्ही पाय एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून चाकावरून एक कमान त्यांना जोडते. या कमानीने आपल्याकडे एक वेगळाच सामाजिक प्रश्न निर्माण केला आहे. सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. घरी वडील आणि मुलगा मिळून हँडल बसवतात. त्या उत्साहात पुढचा फोर्क अर्धा फेरा फिरलेला आहे हे दोघांच्याही लक्षात येत नाही आणि हँडल समोर, चिमटा मागे तोंड करून, अशी सायकल तयार होते. कमान मागे, ब्रेक उलट्या बाजूला, पुढचं चाक पायडलच्या इतकं जवळ की वळताना चपलेचा अंगठा चाकाला लागतो. वाहिनीवरच्या एखाद्या मालिकेत नायकाचा धाकटा भाऊ याच सायकलवरून कॉलेजला जातो आणि कोणालाच काही वाटत नाही. ज्याला वाटतं तो मात्र गप्प बसू शकत नाही. सिग्नलला अनोळखी माणसाला गाठून "तुमचा फोर्क उलटा आहे" असं सांगणारी एक जमात शहरात तयार झाली आहे. या जमातीचा मुखभंग करायला मॅनिटू नावाची कंपनी बसलेली आहे. त्यांच्या फोर्कची कमान मुळातच मागच्या बाजूला असते, मुद्दाम, मजबुतीसाठी. तसा फोर्क लावलेला माणूस सिग्नलला उभा राहून अशा सल्लागारांची वाटच बघत असतो.

इथवर आलो ते सगळं बाहेरचं. मजा आत आहे.

दोन पाय दिसायला सारखे असले तरी चांगल्या फोर्कमध्ये त्यांची कामं वेगवेगळी असतात. बहुधा डाव्या पायात स्प्रिंग, उजव्यात डॅम्पर. डावा पाय धक्का घेतो, उजवा त्याला सांगतो, 'पुरे.' स्वस्त फोर्कमध्ये उजव्या पायात पुष्कळदा दुसरी स्प्रिंगच असते, किंवा काहीच नसतं. म्हणजे पुरे म्हणणारं घरात कोणीच नाही.

डॅम्पर म्हणजे काय, हे बँकेच्या दारावरून सांगता येतं. जुन्या दवाखान्यांना असायचं ते अर्धं, स्प्रिंगच्या बिजागरीचं दार आठवा. एक पेशंट आत गेला की ते दार मागे-पुढे फटाफटा करत राहायचं आणि दुसऱ्या पेशंटच्या नाकावर येऊन थांबायचं. बँकेच्या काचेच्या दाराला वर एक डबा असतो. त्यातही स्प्रिंगच असते, पण तिच्या जोडीला तेल. दार बंद होताना त्या तेलाला बारीक भोकातून पलीकडे जावं लागतं, म्हणून दार हळूहळू, सभ्यपणे बंद होतं. फोर्कच्या उजव्या पायात हेच चालतं. एका दांड्याच्या टोकाला भोकं असलेला दट्ट्या, भोवती तेल. खड्ड्याने दिलेली सगळी ताकद त्या तेलाला भोकांतून ढकलण्यात खर्च होते आणि शेवटी तेल किंचित गरम होतं. खड्ड्याची उष्णता होते. महापालिकेने रस्त्यांवर एवढी ऊर्जा साठवून ठेवली आहे हे एरवी कोणाला कळलं नसतं.

आता दुकानातल्या त्या दाबण्याचा विचार करा. चांगला डॅम्पर असलेला फोर्क दाबला तर तो खाली जातो, एकदाच वर येतो आणि गप्प होतो. तो नाचत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, हा कडक आहे, यात मजा नाही. शेजारची स्वस्त सायकल दाबली की ती दोनदा-तीनदा डोलते. "हा बघ कसा मस्त खेळतोय!" आणि दवाखान्याचं दार घरी येतं.

मोटारसायकलवाल्यांना ही गोष्ट फार आधी कळली होती. तेलाने आवरलेला दुर्बिणीसारखा सरकता फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५मध्ये आर-१२ या गाडीवर बाजारात आणला. सायकलींपर्यंत तो पोचायला अर्धं शतक लागलं. अमेरिकेत पॉल टर्नर या, मोटारसायकलींच्या शर्यतींत हात काळे केलेल्या माणसाने १९८९मध्ये रॉकशॉक्स कंपनी काढली आणि आरएस-वन नावाचा फोर्क बनवला. हालचाल जेमतेम पाच सेंटिमीटर. तेव्हा डोंगरात सायकल चालवणाऱ्या मर्दांनी नाकं मुरडली; हात शाबूत राहिले तर डोंगरावर गेल्याचा पुरावा काय? पण १९९०मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि उताराच्या शर्यतीत ग्रेग हर्बोल्ड याच फोर्कवर पहिला आला. नाकं सरळ झाली. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की तो पहिलावहिला फोर्क हवा आणि तेलावर चालत होता. आज रंगीत स्टिकर लावून आपल्या गळ्यात मारला जाणारा, आत नुसती स्प्रिंग असलेला फोर्क त्याच्यानंतर पस्तीस वर्षांनी जन्मून त्याच्या मागे आहे.

मधल्या काळात डग ब्रॅडबरीने मॅनिटूमध्ये स्प्रिंगच्या ऐवजी रबरासारख्या इलॅस्टोमरच्या चकत्या एकावर एक रचल्या. हलकं, सुटसुटीत, तेलाची कटकट नाही. फक्त थंडी पडली की त्या चकत्या कडक होत आणि काही वर्षांनी त्यांचा भुगा होई. इकडे रस्त्यावरच्या सायकलींनाही हे वेड लागलं. पॅरिस-रूबे ही फ्रान्समधली शर्यत फरशांच्या खडबडीत रस्त्यांवरून जाते. १९९२ आणि १९९३ अशी दोन वर्षं ती जिल्बेर द्युक्लो-लासाल या, निवृत्तीच्या वयाला टेकलेल्या फ्रेंच गड्याने पुढे रॉकशॉक्सचा फोर्क लावून जिंकली. दुसऱ्या वर्षी तर इटलीच्या फ्रँको बॅलेरिनीला आपणच जिंकलो असं वाटलं होतं. निकाल फोटो बघून लागला. आज त्याच शर्यतीत तसे फोर्क सहसा दिसत नाहीत. स्पर्धकांनी टायर रुंद केले आणि हवा कमी केली. ही गोष्ट जरा बाजूला ठेवू, पुढे लागणार आहे.

फोर्कवरच्या चाव्या हा स्वतंत्र विषय आहे. डाव्या पायाच्या डोक्यावर प्लस आणि मायनसची खूण असलेली एक चावी असते. स्प्रिंगच्या फोर्कवर तिचं नाव प्रीलोड. ती प्लसकडे फिरवली की शॉकअप कडक होतो, असा समज दुकानदारापासून दादापर्यंत सगळीकडे आहे. स्प्रिंगचा कडकपणा चावीने बदलत नाही. चावी तिला जागच्या जागी थोडी आवळून ठेवते, त्यामुळे सायकल जरा उंच बसते आणि पहिली लहानशी हालचाल सुरू व्हायला जास्त धक्का लागतो. साठ किलोच्या माणसाची स्प्रिंग नव्वद किलोच्या माणसाला चावी पिळून चालत नाही. त्याला दुसरी, जाड स्प्रिंगच लागते. आमचे काका नव्वदच्या वरचे. ते दर रविवारी चावी प्लसकडे आणखी थोडी पिळतात आणि "आता बरंय" म्हणतात. चावी गेल्या दिवाळीपासून पुढे सरकलेली नाही. पिळणं मात्र चालू आहे. काही स्वस्त फोर्कवर तर चावी म्हणून दिसणारी गोष्ट नुसतं प्लास्टिकचं झाकण असतं. ते पिळूनसुद्धा "बरंय" वाटणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचा मला हेवा वाटतो.

हवेच्या फोर्कमध्ये ही अडचण नाही. आत स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा, वजनाप्रमाणे कमी-जास्त करायची. पण ती भरायला वेगळा छोटा पंप लागतो, त्याला घड्याळ असतं. पेट्रोलपंपावरच्या नळीने ती भरायला गेलेल्या एका पराक्रमी तरुणाची कथा मिस्त्री सांगतो. शेवटी काय झालं ते सांगताना तो नुसते हात फैलावतो. भरलेली हवा बरोबर आहे का, हे बघायला स्टँचिअनवर एक बारीक रबरी कडं असतं. कडं खाली सरकवायचं, सायकलवर नेहमीच्या सगळ्या सामानासकट अलगद बसायचं, अलगद उतरायचं आणि कडं किती वर गेलं ते मोजायचं. शंभर मिलिमीटर हालचालीच्या फोर्कमध्ये नुसतं बसल्यावर वीसेक मिलिमीटर खचायला हवं. याला सॅग म्हणतात. सोसायटीतला आयटीवाला तरुण हे माप काढायला लागला की जिन्यातून उतरणारे थांबतात. एकाने भिंतीला हात लावून त्याला तोल सांभाळायला मदत करायची, दुसऱ्याने पट्टी धरायची, तिसऱ्याने "पोट आत घेऊ नकोस" असं सांगायचं.

उजव्या पायाच्या तळाशी लाल चावी असते ती रिबाउंडची. दबलेला फोर्क किती वेगाने परत यावा हे ती ठरवते, आणि रॉकशॉक्सच्या फोर्कवर तिच्याशेजारी एका बाजूला ससा आणि दुसऱ्या बाजूला कासव काढलेलं असतं. ही चावी कुठे ठेवायची याबाबत आपल्या लोकांचा कौल आधीच ठरलेला आहे. शाळेत शिकलेलं वाया कसं जाऊ द्यायचं? कासवाकडे पूर्ण फिरवून टाकतात. मग होतं असं, की पहिला खड्डा येतो, फोर्क दबतो आणि सावकाश वर यायला लागतो. तो निम्म्यावर यायच्या आत दुसरा खड्डा येतो. तिसऱ्याला तो आणखी खाली असतो. पाच खड्ड्यांनंतर दबायला काही उरत नाही आणि सायकल ठोकळ्यासारखी आदळायला लागते. पूर्ण सशाकडे फिरवावी, तर हँडल हातातून उडतं. शर्यत कोणी जिंकायची नाही, दोघांनी मधे कुठेतरी भेटायचं, अशी या गोष्टीची रचना आहे.

आणि मग लॉकआउट. हँडलवर किंवा फोर्कच्या डोक्यावर एक खटका. तो फिरवला की फोर्क हलायचा बंद. चढावर उभं राहून पायडल मारताना पुढचा भाग खाली-वर होऊन ताकद वाया जाते, म्हणून ही सोय. काकांना ही सोय फारच आवडली. डोणज्यापासून सिंहगडाचा चढ सुरू झाला की ते खटका दाबतात, आणि गडावर पिठलं-भाकरी झाली की तो दाबलेला आहे हे विसरतात. त्यामुळे ज्या उतारासाठी शॉकअप घेतला, तो उतार ते चिमट्यावर उतरतात. शहरातल्या सपाट रस्त्यावर तर खटका कायमच बंद, "कारण स्पीड मिळतो." म्हणजे एकूण हिशेब असा : स्वस्त स्प्रिंगचा फोर्क अडीच किलोच्या आसपास भरतो, चांगल्या कार्बनच्या रोड सायकलची अख्खी फ्रेम किलोभर असते. ते अडीच किलो काका गडावर नेतात, बंद अवस्थेत, आणि सुखरूप परत आणतात.

बरं, शहरात शॉकअपची गरज नाही असंही नाही. भारतीय रस्ते महासभेच्या १९८८च्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच, घडीव गोलाईचा असावा. पंचवीसच्या वेगाने वाहन त्यावरून सहज जावं. आमच्या गल्लीतला गतिरोधक एका रात्रीत उगवला. त्याची उंची महासभेला मान्य होईल, पण लांबी वीतभर आहे. तो रस्ता नाही, उंबरठा आहे. असल्या ठिकाणी काहीतरी दबायला हवं हे खरं. पण दबण्यासारखं जे सगळ्यात आधी जमिनीला लागतं, त्याकडे कोणी बघत नाही. १८८८मध्ये बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला बसलेले हादरे बघून हवेचा टायर केला, तो याचसाठी. माउंटन बाइकच्या जाड टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय हवा पुष्कळ होते. आपण हवावाल्यापुढे सायकल उभी करतो आणि म्हणतो, "टाइट मारा." तो मारतो. आपण अंगठ्याने टायर दाबून बघतो. अंगठा दुखला की समाधान. असा दगड करून ठेवलेला टायर घेऊन आपण त्या उंबरठ्यावरून जातो आणि घरी येऊन म्हणतो, "शॉकअप काही कामाचा नाही."

देखभालीबद्दल कंपन्यांची पुस्तकं स्पष्ट आहेत. खालच्या नळ्या उतरवून सील, स्पंज साफ करायचे, नवं तेल घालायचं. रॉकशॉक्सच्या हिशेबाने दर पन्नास तासांच्या स्वारीला. आपल्या सोसायटीतल्या सायकलला पन्नास तास भरेपर्यंत मुलगा बारावीत जातो आणि सायकल जिन्याखाली. तिथे पावसाळ्याच्या ओलीत क्रोमवर तांबडे ठिपके येतात, ठिपक्यांचे डाग होतात, आणि एक दिवस फोर्क हलायचा बंद होतो. आता त्याला खटक्याची गरज उरत नाही.

काकांचा फोर्क या अवस्थेला लवकर पोचला. ग्रीसने बहुधा हातभार लावला असावा. ते सायकल घेऊन मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने ब्रेक दाबला, बोटं ठेवली, बोटं पुसली.

"आतून जाम आहे, काका."

"खोलून बघा ना."

"खोलायचा नसतो हा. रिवेट मारलेत. कंपनीनेच सांगितलंय, संपला की टाकून द्या."

"मग नवा शॉकअप?"

"चांगला घेतलात तर सायकलपेक्षा महाग पडेल. मी सांगू का? याच मापाचा साधा चिमटा टाकतो. सायकल दीड किलो हलकी होईल. टायर जरा जाड घेऊ, हवा कमी ठेवू. गडावर पळेल."

काकांनी बराच वेळ विचार केला. हलकेपणा पटला, पैसे पटले, टायरचंही पटलं. तरी चेहऱ्यावर शंका होती.

"पण मिस्त्री, साध्या चिमट्याला लॉकआउट येतो ना?"

"येतो की," मिस्त्री पाना शोधत म्हणाला. "कंपनीतूनच लावून येतो."